बिल्ला नंबर ४१७ आणि सोन्याचा नांगर

पनवेल डेपोत एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या बुधाजींनी आयुष्यात एकाही माणसाला फुकट नेलं नाही. सख्ख्या सासऱ्याला त्यांनी उलव्याच्या फाट्यावर भर उन्हात खाली उतरवलं होतं, कारण सासरा अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलला होता, "जावयाच्या गाडीत कसलं आलंय तिकीट?" सासरा चालत घरी गेला आणि मरेपर्यंत जावयाशी बोलला नाही. बुधाजींना त्याचं वाईट वाटलं असेल, पण ते म्हणायचे, "मानूस गेला तरी चालंल, बिनतिकीट जायला नको."

रिटायर झाले तरी गाडीतल्या दांड्यावर टकटक करून बोलायची सवय सुटेना. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते बोटातली अंगठी समोर जे असेल त्यावर आपटायचे, टक् टक्. टेबल, खिडकीचे गज, एकदा तर डॉक्टरांचं टक्कल. (डॉक्टर वाकून पाय तपासत होते, बुधाजींचा नाइलाज झाला.)

त्यांचं गाव खारकोंड, खाडीच्या काठावर, तिवरांच्या आड. २०१३ साली त्या गावाचं जायचं नक्की झालं. विमानतळाला जमीन हवी होती. घरं मोजून झाली, दारांवर लाल रंगात आकडे पडले आणि भरावाचे ट्रक गावाच्या वेशीपर्यंत आले. लोकांच्या बैठका होत होत्या, बदल्यात मिळणाऱ्या नव्या प्लॉटवर घराचा हॉल किती मोठा काढायचा यावर भावाभावांची तोंडं फिरत होती. बुधाजींना वेगळीच टोचणी लागली. गाव उठलं की आडनावांपलीकडे त्याचं काय उरणार?

उत्तर सापडलं एसटी स्टँडमागच्या शाजियाच्या सायबर कॅफेत. पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला गेले होते, तर शाजिया म्हणाली, "काका, इंटरनेटवर ज्ञानकोश आहे ना, मराठीतला. त्यात कुणीही लिहू शकतं. पनवेल आहे, उलवे आहे, नेरे आहे. तुमचं खारकोंड नाहीये."

"नेरे हाय?" बुधाजी म्हणाले. "आनि आमी नाय?"

झालं. एका बोटाने टायपिंग करत बुधाजींनी एकोणीस दिवसांत लेख लिहिला. त्यात गावाचा मानबिंदू होता, सोन्याचा नांगर. पूर्वी एक फिरंगी जहाज खाडीत रुतलं, त्याचा सोन्याचा नांगर गावकऱ्यांनी धक्क्याखाली पुरला. दर नारळी पौर्णिमेला बायका वाजतगाजत जाऊन धक्क्यावरच्या खांबाला नवा दोरखंड वाहतात, आणि तो मान बुधाजींच्या बायकोचा, हौसाचा. "जगात असा नांगर दुसरीकडे नाय," असं बुधाजींनी लिहिलं. शाजियाने 'नाय'चं 'नाही' केलं.

दुसऱ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर एक पिवळी पाटी चिकटलेली. लावणाऱ्याचं नाव 'काटेकोर७'.

शाजियाने वाचून दाखवलं, सरकारी आवाज काढून. "सदर लेखात एकही विश्वासार्ह संदर्भ आढळत नाही. सात दिवसांत संदर्भ न दिल्यास लेख वगळण्यात येईल."

टक् टक्. "लिही त्याला. गाव माजं, लेख माजा, मीच संदर्भ."

उत्तर पाच मिनिटांत आलं. "स्वतःची माहिती हा संदर्भ नव्हे. प्रकाशित, स्वतंत्र व पडताळता येणारा स्रोत द्यावा."

"याला कामधंदा नाय काय?" बुधाजी लालेलाल झाले. "कोन हाय हा? कुठल्या डेपोचा?"

"या अल्लाह," शाजिया म्हणाली. "काका, तुम्ही गाडीत काय म्हणायचात? 'मी याच गावचा आहे' म्हटलं तर सोडायचात का कुणाला?"

"नाय."

"मग? तिकीटच मागतोय तो."

बुधाजींनी पिवळ्या पाटीकडे पाहिलं, जरा वेगळ्या नजरेने, जसा एक कंडक्टर दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे बघतो.

आता शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी बुधाजी विजयी चेहऱ्याने एक स्थानिक साप्ताहिक घेऊन आले. 'खारकोंडचा सुवर्णनांगर', अर्धं पान. शाजियाने दोन ओळी वाचल्या आणि तोंडावर हात ठेवला. संपादकाने बुधाजींचाच लेख जसाच्या तसा छापला होता. शेवटी "माझा जावई हितेश याच्याकडे अधिक माहिती मिळेल" हेसुद्धा.

"हितेश त्यांचा पण जावई?" शाजियाने विचारलं.

काटेकोर७ने ते एका ओळीत उडवलं. "मजकूर याच ज्ञानकोशातून उचललेला आहे."

"बरोबर हाय त्याचं," बुधाजी पडेल आवाजात म्हणाले. "हे म्हंजे उतरलेल्या पाशिंजराचं तिकीट उचलून दुसऱ्यानं दाखवायचं."

तीन दिवस राहिले तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी गुरुदत्त सरांचं नाव सांगितलं. सर निवृत्त मुख्याध्यापक, तालुक्याच्या इतिहासावर त्यांचा ग्रंथ होता, १९८८ सालचा. ग्रंथ म्हणायचं, पुस्तक म्हटलं की सर दुखावतात. राहणार नवीन पनवेलला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

"आसनस्थ व्हा," सर म्हणाले. बुधाजींना कळलं नाही, ते उभेच राहिले. "बसा हो, बसा! खारकोंडचा सुवर्णनांगर! आमच्या संशोधनाचा मुकुटमणी! पृष्ठ एकशे बारा. या विषयावर आम्ही पाच व्याख्यानं दिली आहेत. ठाण्यास एक, अलिबागेस दोन..."

बुधाजींचे डोळे भरून आले. छापील पुस्तक, वर पुन्हा परक्या माणसाने लिहिलेलं. सोन्याचा नांगर, धक्का, फिरंगी, सगळं होतं. आणि खाली बारीक अक्षरात तळटीप. चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्यांनी ती वाचली.

'ही माहिती पनवेल–खारकोंड गाडीच्या वाहकाने प्रवासात मौखिक स्वरूपात दिली. बिल्ला क्रमांक ४१७. दि. ९ जून १९८६.'

बुधाजींना एकदम सुकटीचा वास आला. सत्तावीस वर्षांपूर्वीची गाडी, माणूस माणसावर, सुकटीच्या तीन पाट्या, कुणाची तरी कोंबडी सुटलेली. आणि पहिल्या सीटवर वहीवाला एक मास्तर, दर थांब्याला विचारतोय, "वाहक, या ग्रामाचा इतिहास काय? वाहक, येथील दंतकथा काय?" त्याचं तोंड बंद करायला बुधाजी कोंबडी पकडता पकडता बोलून गेले होते, "सोन्याचा नांगर हाय खाडीत, फिरंग्यांचा. जावा, शोधा." मग ते विसरले. पुढे पुस्तकावरून शाळेत धडा झाला, धड्यावरून बायकांनी दोरखंड सुरू केला, आणि बुधाजी तो नांगर इतरांसारखाच ऐकत मोठे, म्हणजे म्हातारे झाले.

"सर," ते म्हणाले, "तो कंडक्टर मी."

"असंभव. त्या वाहकास झुपकेदार मिशा होत्या."

"काढल्या."

"याला पुरावा काय?"

बुधाजींनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पितळी बिल्ला. ४१७. टेबलावर ठेवला, टक्.

सरांनी बिल्ला उलटून पाहिला. "म्हणजे... नांगर?"

"कोंबडी सुटली होती सर. तुमी लय प्रश्न करत होता."

"पाच व्याख्यानं," सर पुटपुटले. मग दार लोटून घेऊन, शुद्ध मराठी पार विसरून म्हणाले, "हे बघा, कुणाला बोलू नका. तुमचं पण काम होतंय, माझं पण राहतंय. पान एकशे बारा टाकून द्या, बस्स."

शाजियाचंही म्हणणं तेच. "काका, छापलेलं आहे, तुमचं नाव नाही त्यात. काटेकोरच्या अब्बांनाही कळणार नाही. टाकू?"

पिवळ्या पाटीवर दोन दिवस उरले होते. बुधाजींनी अंगठीचं बोट उचललं, पण आपटलं नाही. "उद्या सांगतो," म्हणाले.

घरी हौसा नव्या दोरखंडाला हळद लावत होती. बुधाजींनी सगळं सांगून टाकलं, कोंबडीसकट.

हौसा उठली. "म्हंजे नांगर नाय?"

"नाय."

"मंग आमी वीस-बावीस वर्सं दोर कुनाला वाहिला? तुला?"

बुधाजींनी हळदीची वाटी बाजूला सरकवली.

"माज्या बापाला उन्हात उतरवलास तू. एका तिकिटापायी." हौसाने दोरखंड गुंडाळायला घेतला. "आनि आता गावाला बिनतिकीट बसवतोस? बाप वरून बघत असंल, काय बोलंल?"

"आनि गावाचं नाव? ते पुसलं तर?"

"गाव खरं हाय ना? मंग खऱ्याचं काय तरी छापलेलं असंलच की. जा, शोध जा."

शेवटच्या दिवशी वाचनालयाचं दार उघडायच्या आधी बुधाजी पायरीवर होते. बाईंनी जनगणनेचा जाडजूड ग्रंथ काढून दिला. दुपारपर्यंत रकाने चाळले तेव्हा खारकोंड सापडलं, एका ओळीत, आजूबाजूच्या गावांमध्ये दाटीवाटीने बसलेलं. मग डेपोत जाऊन त्यांनी एसटीचं छापील वेळापत्रक मिळवलं. आपण रोज तोंडपाठ ओरडायचो तो थांबा तिथे अक्षरात होता.

शाजियाने नांगर खोडला, जहाज खोडलं, "जगात दुसरीकडे नाही" खोडलं. जावई हितेशही गेला. उरलं ते असं: 'खारकोंड हे पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे एक गाव आहे. २०११च्या जनगणनेनुसार गावात ६१२ लोक राहतात. पनवेलहून येथे एसटीच्या दिवसाला चार फेऱ्या आहेत.' प्रत्येक वाक्यामागे आकडा, आकड्याखाली संदर्भ, पान क्रमांकासह.

संध्याकाळी पिवळी पाटी निघाली. काटेकोर७ने लिहिलं होतं, "संदर्भ तपासले. योग्य आहेत."

हौसाला वाचून दाखवायला बुधाजींनी मुद्दाम पनवेलला आणलं होतं, अर्थातच तिकीट काढून. तिने स्क्रीनकडे बघून विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"दोरखंडाचं?"

"ते कुठं छापलेलं नाय अजून. या वर्साला पेपरवाल्याला बोलवू. नांगर नसला तरी दोर खरा हाय."

"बोलव. पन नांगराचं इचारलं तर तू सांग, मी नाय सांगनार." हौसा बाकावर टेकली. "आनि तुज्या सरांना पन बोलव. पुढं बसव."

बुधाजींनी हसू दाबलं. मग त्यांची नजर खाली, शेजारच्या गावाच्या नावावर गेली. ते गाव हौसाच्या माहेरचं. नावापुढच्या ओळीत एका चांदीच्या घोड्याचं वर्णन होतं, भरतीच्या दिवशी खिंकाळणाऱ्या.

टक् टक्.

"शाजिया, उघड ते," बुधाजी म्हणाले. "बघू यांचं तिकीट."