वहिनीचं कोशाचं लुगडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी सगळंच सांगतो, नको तेसुद्धा.

इंग्रज अजून होते तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि भरदुपारी दंडार नाचतात. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो. त्या साली नवेगावच्या मंडईत ते मला मिळालं. विशीतला, बिनमिशीचा, कमरेत लवचीक — दुसऱ्या कुणाला देणार?

पण नेसायचं काय? आईचं विटकं लुगडं नेसून राणी व्हायचं? वहिनी भाऊबीजेला माहेरी गेलेली. तिच्या पेटीत लग्नातलं कोशाचं रेशमी नऊवारी होतं, लाल काठाचं. मी ते न विचारता काढलं.

आणि काय नाचलो म्हणून सांगू! काष्टा घट्ट, पदर डोईवर, पायात चाळ. मंडईने मला नुसतं डोक्यावर घेतलं. खुद्द माझा दादा शेजारच्याला विचारत होता, ही कोणाची सून म्हणून — बायकोचं लुगडं त्याला ओळखू आलं नाही. शेवटच्या गिरकीला काष्ट्यात टर्रकन आवाज झाला. मी थांबलो नाही. फाटलेली बाजू आत घालून घडी केली आणि लुगडं पेटीत ठेवलं.

वहिनी आली, पेटी उघडली, रडली. दिवाळीआधी ते लुगडं सोनाबाई वरठिणीने धुतलं होतं. आईने ठरवलं, तिनेच आपटून फाडलं. आमच्या घरचं धुणं बंद, तिचं वर्षाचं धान बंद. मी तिथेच जेवत होतो. एक शब्द बोलायचा होता — किती जड असतो एक शब्द? मी भात मागून घेतला.

पुढे तलावाच्या पाळीवर सोनाबाई भेटली. प्रत्येक घरच्या कपड्यावर ती बिब्ब्याने खूण करायची, आणि मंडईत ती पुढेच बसली होती. तिने घरी येऊन सांगितलं असतं, तर आईने विश्वास माझ्यावर ठेवला असता. हे तिला माहीत होतं. मलाही.

"तुया पदरावर माही खूण पायली मी," ती म्हणाली. "घरी काऊन नाही बोल्ला, गा?"

तिने धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"नाचला मात्र चांगला."

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही. ती दिसेनाशी झाली, तेव्हा रिकाम्या पाळीवर मी दोन गिरक्या घेतल्या. आनंदाने.