दारामागचा चौदावा खिळा

आमचे बारामतीचे घरमालक दिवसभर खिळे विकायचे, पण स्वतःच्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकू द्यायचे नाहीत. बाजारपेठेत त्यांचं वडिलोपार्जित हार्डवेअरचं दुकान. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणायचो. खाली ते आणि चाची, वर आम्ही. घर ठरलं त्या दिवशी चाचांनी खालीच बोटाच्या पेराने भिंत वाजवून दाखवली होती. "अब्बानं सोता हुबं राहून बांधलंय. हितं खिळा न्हाय. एका खिळ्याला डिपॉझिटातनं हजार कापीन, कागदावर लिवलंय." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

पण आरसा कुठे लावायचा, घड्याळ कुठे, मुलीची पदकं कुठे? महिनाभर सगळं जमिनीवर भिंतीला टेकून होतं. शेवटी मी खिळे आणायला गेले, आणि गेले ती थेट चाचांच्याच दुकानात. दुसऱ्या दुकानात गेले असते तर त्या दुकानदाराने संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर घातलं असतं. "सांगवीला सासरी गोठा बांधतोय," असं मी सांगितलं. चाचांनी पाव किलो खिळे कागदात बांधून दिले आणि गोठ्याला बरकत येवो म्हणाले.

पुढे चार वर्षं जेव्हा जेव्हा वेगळ्या मापाचा खिळा लागला तेव्हा तेव्हा मी गोठा वाढवत नेला. आमच्या सासरी एकच म्हैस होती, तीही भाकड. चाचांच्या दुकानात मात्र तिला दोन रेडकं झाली, शेजारी एक जर्सी गाय आली, वर पत्र्याची शेडही झाली. चाचा आस्थेने विचारायचे, "दूध किती देती ओ?" मी हिशेबाने उत्तर द्यायची, कारण मागच्या वेळी किती सांगितलं होतं ते लक्षात ठेवावं लागे. गुडघेदुखीमुळे ते जिना चढत नसत, त्यामुळे माझी अब्रू शाबूत होती.

मग माझी इंदापूरला बदली झाली. नवरा आधी जाऊन घर पाहून आला. तिथल्या मालकाने अट घातली की डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली नाही. डिपॉझिट चाळीस हजार, आणि आमचे चाळीस हजार होते चाचांकडे. म्हणजे चाचांनी खिळ्यांचे पैसे कापले की तिकडे आमचं सामान रस्त्यावर.

घर साफ करायला सांगवीहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. बोअरच्या पाण्याने नळांवर क्षाराचा पांढरा थर चढला होता, तो त्यांनी चिंचेच्या कोळाने घासून काढला. मी पंखे पुसले, ओट्यामागचं तेल खरवडलं, संडासात ॲसिड ओतून खोकत बाहेर आले. मी राहत असताना घर एवढं लख्ख कधी ठेवलं नव्हतं. दिवाळीतसुद्धा नाही. याची मला थोडी लाजच वाटली.

मग खिळे उपटले. दाराच्या मागे एक जुनाट, काळा, चौकोनी अंगाचा खिळा होता, आम्ही यायच्या आधीपासूनचा. मी त्याला पर्स अडकवायची. उपटायच्या भरात तोही ओढला. निघता निघेना, शेवटी पकडीला लोंबकळले तेव्हा निघाला. सगळे खिळे तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि भिंतीवरच्या भोकांकडे बघत बसले. टूथपेस्ट भरावी म्हटलं तर भिंत बदामी, पांढरे ठिपके उठून दिसले असते.

"चुना आन् गूळ कालव," आत्या म्हणाल्या. "आदी वाडं त्येच्यातच बांदायचं. शंबर वर्सं हालत न्हाय."

टपरीवरून चुना आणला, घरात सांगवीचा गूळ होताच. दोन्ही कालवून बोटाने भोकांत दाबलं. काय सांगू, रंग भिंतीत असा मिसळला की मलाच भोकं सापडेनात. आत्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरून दारात उभा राहिला आणि चाचा कठड्याला धरून एकेक पायरी वर आले. शर्टाच्या खिशात पाकीट दिसत होतं. त्यांनी नळ सोडून पाहिले, फ्लश ओढला, खिडक्या उघडून लावल्या. "भाडेकरू असावा तर आसा," असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला, आणि तो हात तिथेच थांबला.

भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती. खिडकीतून निघून ती सरळ वर गेली होती आणि जिथे आमचं घड्याळ असायचं तिथे मुंग्यांचा घोळका जमला होता. तिथून एक फाटा आरशाच्या जागी, दुसरा पदकांकडे. ऊसपट्ट्यातल्या मुंग्या त्या, त्यांना गूळ कुठे लपवणार? चाचांनी चष्मा लावला आणि रांगेवरून बोट फिरवत निघाले. प्रत्येक घोळक्यापाशी थांबून मोठ्याने आकडा म्हणत होते. आत्या तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघू लागल्या.

"ह्यो तुमचा गोठा व्हय?" चाचा म्हणाले. "मंग म्हस कुटं बांदली? आन् ती जर्शी? माज्याच दुकानाचा खिळा माज्याच भिंतीत!"

चोर तो चोर. तेवढ्यात फोन वाजला. नवरा विचारत होता, "निघालीस ना? मालक इथे येऊन बसलेत." मी फोन ठेवून दिला.

चाचा दारामागे डोकावले. "चौदा."

"तेरा," मी म्हणाले. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझा एकदम पारा चढला. "तेरा माझे आहेत, कबूल. त्याचे कापा. पण हा माझा नाही. मी आले तेव्हा होता."

"खोटं कशापाई बोलताय? माज्या घरात खिळाच न्हवता."

"गोठ्याचं खोटं बोलले. याचं नाही बोलत!"

माझा आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण चाची चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. आम्हाला निरोपाचा चहा द्यायला निघाल्याच होत्या. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला, दार पुढे ओढून मागे पाहिलं, मुंग्या पाहिल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता जमिनीवरच बसल्या.

"आवं, त्यो तुमचाच हाय की," त्या चाचांना म्हणाल्या. "लगीन झाल्यावर माजा आरसा लावायला ठोकला न्हवता का तुमी? अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेलं हुतं तवा."

चाचांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खिळाबंदी मुळात त्यांच्या अब्बांची. सासऱ्याला दिसू नये म्हणून चाची ते दार कायम उघडं ठेवायच्या, म्हणजे दाराआड खिळाही झाकला जायचा आणि आरसाही. अब्बा गेले, पण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर दोघं खाली राहायला आली, भिंतीला चारदा रंग लागला, आणि चाचा स्वतःचा गुन्हा साफ विसरून गेले.

"त्यो खिळा कुटं हाय, ताई?" चाचींनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

तुपाचा डबा टेम्पोत, तोही कपाटाच्या मागे, गाद्यांच्या खाली. ड्रायव्हर म्हणाला, "खिळ्यासाटी टेम्पो खाली करायचा? येडं लागलंय का?" मी त्याला न जुमानता आत शिरले. गाद्या उपसल्या, पातेली पायावर घेतली, चांगली साडी ग्रीसने माखली. डबा घेऊन वर आले तेव्हा चाचा दारामागचा गूळ काडीने कोरून काढत होते.

त्यांनी तो काळा खिळा ओळखला आणि त्याच भोकात ठेवला. हातोडी टेम्पोत गेलेली, म्हणून चाचींनी खालून खलबत्त्याचा बत्ता आणला. पहिला घाव बोटावर बसला, दुसरा खिळ्यावर. "वाईच वर घ्या की, आरसा खाली यील," चाची म्हणाल्या. भोक तर आधीचंच होतं, वर कसं घेणार? पण चाचा "व्हय, व्हय" म्हणाले. ते बघताना मला ते घर सोडवेना. चार वर्षं मी तिथे चोरासारखी राहिले आणि ते माझंच वाटायला नेमकी निघायची वेळ यावी लागली.

पैसे मिळाले, पण फुकट नाही. चाचांनी दुकानातून पांढरं सिमेंट आणि बदामी रंगाची पूड मागवली, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना माझ्याकडून तेराही भोकं कोरून, धुऊन, पुन्हा भरून घेतली. प्रत्येक भोक तपासलं. मग खिशातलं पाकीट दिलं, पूर्ण चाळीस. वर कागदात बांधलेली एक जड पुडी हातात ठेवली.

"इंदापुरात गोठा वाढंल," ते म्हणाले.

इंदापूरच्या मालकाने पैसे मोजून घेतले, किल्ली दिली आणि भिंतीवर हात ठेवून बजावलं, "खिळा मातूर चालायचा न्हाय हां." मी मान डोलावली. ते गेल्यावर आतल्या खोलीचं दार पुढे ओढून मागे पाहिलं. तिथे कुणाचा तरी खिळा होता. मी त्याला पर्स अडकवली.