हिलालच्या घराण्यातलं दुखणं

हिलाल माझ्या लक्षात आला तो कोसाडच्या वसाहतीत, कानबाई देवीच्या सणाच्या रविवारी. रोटाची पंगत बसली होती. त्यांच्या घराण्यात हा प्रसाद फक्त भाऊबंद खातात. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. मी शेजारचा शाळामास्तर म्हणून दाराशी खुर्चीवर होतो. बाकीचे मान खाली घालून जेवत होते. हिलाल मात्र एकेका भावाच्या, पुतण्याच्या तोंडाकडे बघत होता. आता कोणाची पाळी, हे शोधत असल्यासारखा.

त्याचे वडील चाळिशीत मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले. काका त्याच वयात, मेंदूतल्या गाठीने. आदल्या वर्षी चुलतभाऊ रामदास. या घराला काहीतरी लागलंय, असं वसाहतीत दबक्या आवाजात बोलत. हिलाल तेव्हा एकोणचाळीसचा होता.

दिवाळीनंतर त्याच्या लघवीतून रक्त गेलं. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघाल्या. पहिल्या डॉक्टरांनी दोन्ही काढून डायलिसिसवर राहायला सांगितलं, आणि हिलालला ते पटलंही.

"काढूनच टाकायचं, गुरुजी. आत काही उरलं नाही म्हणजे झोप तरी लागेल."

थोरली बहीण सरलाबाई कतारगामला राहते, साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. तिने हट्टाने त्याला दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचं बोलणं घरी नीट सांगता यावं म्हणून मलाही बरोबर घेतलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी घरात कोण कशाने गेलं ते विचारलं, मग रक्त तपासायला पाठवलं. मूत्रपिंडात, मेंदूत गाठी उगवणारा, वडिलांकडून आलेला एका जनुकातला बिघाड निघाला.

"या गाठी एकदा काढल्या म्हणून संपत नाहीत," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. म्हणून सगळ्यात मोठी गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत आपण नुसतं लक्ष ठेवायचं. मग तेवढ्या गाठी काढायच्या, मूत्रपिंड राखायचं. दुसऱ्या एखाद्या जनुकाचा बिघाड असता, तर मी थांबलेच नसते."

"म्हणजे त्या आत वाढू द्यायच्या? आणि मी रोज कामाला जायचं?"

"हो."

हिलाल खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला.

रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना घेऊन या, असंही त्यांनी सांगितलं. त्याने नेले ते पंगतीतले भाऊबंद. इस्त्रीचे शर्ट घालून सगळे बाकावर बसले. सरलाबाई डबा घेऊन मागे उभी.

"बहिणी नाहीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक आहे. पण ती दिलेली. दुसऱ्या घरची," हिलाल सरळपणाने म्हणाला.

"लग्नाने रक्त बदलत नाही. हे जसं मुलाकडे येतं, तसंच मुलीकडे." त्यांची नजर मागे गेली. "तुम्हीच ना बहीण? मान तिरकी करून का बघता?"

"डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं. टिकल्यांचं काम ना, दुसरं काय."

दुसरंच होतं. त्याच बिघाडाची गाठ डोळ्याच्या पडद्यावर होती, आणि दोन्ही मूत्रपिंडांतही. त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

हे कळलं त्या संध्याकाळी हिलालच्या ओट्यावर ती म्हणाली, "रोटले मी परकी, अन् हाई दुखनाले मातर घरनी!" ती हसली. हिलाल हसला नाही.

"आक्का, मी पहिल्या डॉक्टरकडेच जातो. दोन्ही काढून टाकतो. हे असं बाळगून जगणं मला जमणार नाही."

"काढ. अन् मी एकलीच वाट देखत बसू का?"

 त्याने कुशीवर दाबून धरलेला हात काढला आणि तिला विचारलं, पुढच्या तपासणीला कतारगामला न्यायला येऊ, की ती परस्पर येईल.

त्या संध्याकाळला आता तीन वर्षं झाली. भाऊबंदांपैकी दोघांनीच रक्त तपासून घेतलं. बाकीचे हिलाल समोरून आला की बोलणं थांबवतात. बहीण-भाऊ तपासणीला बरोबर जातात. हिलाल कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात दिवसपाळी करतो. त्याच्या उजव्या मूत्रपिंडातली मोठी गाठ सध्या दोन पूर्णांक सहा सेंटिमीटरची आहे.