नाटकातला साहेब

"बाया कुठं हायत?" असं म्हणत तिनं ओढणी कमरेला खोचली, की आम्ही समजायचो, आता हिला कुणी थांबवू शकत नाही. गावात डफ वाजला, की चौकात पुरुष जमायचे. ती नाटक सुरूच करायची नाही. दारोदार फिरून बायकांना घेऊन यायची, पुरुषांना मागं सरकवायची आणि मग मला म्हणायची, "हां, वाजव आता."

नगरच्या कॉलेजात आम्ही पथनाट्यं करायचो. ती खर्ड्याकडची, हॉस्टेलवर राहायची. नकला करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. प्राचार्यांची नक्कल तिनं प्राचार्यांसमोरच केली होती आणि सगळ्यात जास्त तेच हसले होते.

एकदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात आम्ही मुलींच्या शिक्षणावरचं नाटक केलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक बाई उभी राहिली.

"समदं खरं हाय. पन आठवीची शाळा पल्याडच्या गावात. रस्ता ह्यो असा सुनसान. माझी पूजा जायची कशानं, तुमच्या डफावर बसून?"

अख्खा चौक हसला. पण जूनपर्यंत एसटी सुरू झाली नाही तर पूजाची शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं.

परतताना ही टेम्पोत एकदम म्हणाली, "माझी थोरली बहीन माझ्यापेक्षा लई हुशार हुती. गाडी न्हवती म्हनून घरी ऱ्हायली. आन आपन नाटकात बापाला शिव्या घालतोय."

पुढच्या रविवारी त्याच गावात नवं नाटक बसलं. एसटीची वाट बघणाऱ्या बायका गावातल्याच, पूजाच्या आईच्या कामाला पूजाची आई, आणि एसटीचा साहेब ही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडात एकच वाक्य, "अर्ज द्या, बघू."

बाजाराच्या दिवशी ते आम्ही तालुक्याच्या स्टँडवर केलं. गर्दी बघून खरे साहेब बाहेर आले.

"काय चाललंय हे?"

"तुमचंच काम करतेय, साहेब. जमतंय का बघा."

साहेबांना हसू आलं, ते थांबले. तेव्हा पूजाच्या आईनं नाटकातल्या साहेबाकडं पाठ फिरवली आणि खऱ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी धाडताय का पोरगी घरी बसवू? आत्ता सांगा."

हे नाटकात नव्हतं. आमच्या या बडबड्या बयेनं चष्मा काढला आणि मुकाट्यानं जाऊन बायकांमध्ये बसली. "अर्ज..." असं साहेबांच्या तोंडून निघालं मात्र, लोक खो खो हसले, साहेबही ओशाळून हसले. शाळा उघडेल तेव्हा गाडी येईल, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

आणि आली की हो! आमचं शेवटचं वर्ष संपलं होतं, तरी पहिल्या दिवशी आम्ही दोघं मुद्दाम गेलो. पूजा खिडकीशी बसली, इतर मुली चढल्या, कामाला निघालेल्या बायका चढल्या, शेवटी ही चढली. तेवढ्यात आणखी एक मुलगी दप्तर सावरत धावत आली. कंडक्टर म्हणाला, "आता जागा न्हाई." ही खाली उतरली आणि त्या पोरीला वर चढवलं.

आता ती कोपरगावकडं शाळेत शिकवते, वर्षानुवर्षं भेट नाही. मला मात्र ती तिथंच दिसते, गाडी गेलेल्या रस्त्यावर रडत उभी असलेली.

"अगं, कुणी तुला हातसुद्धा केला नाही," मी तेव्हा म्हणालो.

"त्यास्नी येळ कुठंय?" डोळे पुसत ती म्हणाली. "शाळंला चालल्यात त्या."

मग फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो.