इर्जिकीला मी घेराव म्हटलं

"भाईर ये रं पेपरवाल्या! कुटं घेराव पडला हुता, दाव मला!"

इस्लामपुरातल्या माझ्या खोलीच्या दारात आमच्या गावचे तात्या ओरडत होते. आवाज असा, की तिकडं लोणंदला रेल्वे थांबली असेल. हातात सांगलीचं दैनिक, त्यात मी धाडलेली बातमी.

घडलं होतं एवढंच. गावातल्या एका जवानाची बायको. नवरा सरहद्दीवर आणि ऐन पेरणीच्या तोंडावर तिचा एक बैल मेला. तात्यांनी इर्जिक घातली. ज्यानं त्यानं आपले नांगर-बैल आणून तिचं रान नांगरून द्यायचं, तिनं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. पहिल्या दिवशी अर्धं रान झालं.

असली बातमी धाडली असती तर संपादकांनी तिच्यात भजी बांधली असती. त्या दिवसांत 'घेराव' या शब्दाला लय भाव. तो घातला, की पहिलं पान. मी घातला. चौदा बैलांची दोनशे माणसं केली. 'शेतजमिनीला घेराव, वातावरण तंग'. खरं तर तंग होता फक्त माझा सदरा. तिच्याच पंगतीत मी तीनदा आमटी ओरपली होती.

अंक आला त्या सकाळी जीप आली. फौजदार बांधावर उभे राहून विचारू लागले, "म्होरक्या कोण?" लोकांनी नांगर सोडले, बैल घराकडं वळवले. चौकशीत काही निघालं नाही. पण त्या रानात काहीतरी भानगड आहे, हे पंचक्रोशीत पक्कं झालं. आठवडा गेला, कुणी फिरकेना.

"आवं तात्या, एक शब्दच तर हाय," मी म्हणालो.

"मग त्या शब्दाच्या मानंवर जू ठेव की गड्या, आन् नांगर उरल्यालं रान!"

कृष्णेत हत्तीएवढी मगर पाहिल्याचं मी देवळात शपथेवर सांगितलंय, पापणी लवली नव्हती. त्या दिवशी मान वर होईना.

दुपारी रानात गेलो. ओल उडून गेली होती, माती दगडासारखी. ती एकटी कुदळीनं ढेकळं फोडत होती.

"वहिनी, चूक झाली माझी. दुरुस्ती छापून आणतो."

तिनं कुदळ थांबवली नाही.

"छापा. पर आता बैल घिऊन कुनी यायचं न्हाई."