शैलाकाकूंनी शोधलेला बिघाड

दीड महिन्यापूर्वी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो, तेव्हा हॉस्पिटलमधून वसंतकाकांचा फोन आला. "शैला गेली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुम्ही या... पण गाडी हळू चालवा. तिने हेच सांगितलं असतं." हृदयाचं ऑपरेशन नीट झालंय, असं आदल्या संध्याकाळीच डॉक्टर म्हणाले होते. मी खाली जाऊन गाडीत बसलो आणि किल्ली हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

शैलाकाकू आमच्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. कोथरूडच्या सोसायटीत त्या आणि वसंतकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे, एवढंच. हिंजवडीतल्या नव्या कंपन्यांत भराभर भरती चालू होती तेव्हा मी यवतमाळहून पुण्याला आलो. पुढे आईच्या किडन्या निकामी झाल्या म्हणून तिलाही इकडे आणलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिक्षाच्या धक्क्यांनी ती अर्धमेली होऊन घरी यायची, म्हणून मी घाईघाईने एक जुनी गाडी घेतली. नुकताच रंग दिलेली, अगदी चकचकीत. पंधरा दिवसांत तिने आपले रंग दाखवले. कधी किल्ली फिरवताच चालू व्हायची, कधी नुसतं 'कट्' आणि मग शांतता. दिवे लावले की हॉर्न रडवेला व्हायचा. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, सेल्फ खोलून पुन्हा बसवला आणि शेवटी "साहेब, जुन्या गाडीत असं चालायचंच" म्हणत हात झटकले. एकदा डायलिसिसहून परतताना स्वारगेटच्या चौकात गाडी बंद पडली ती पडलीच. मागे बसगाड्यांचे हॉर्न, कुणीतरी "अहो, ढकला की!" म्हणून ओरडतंय, आणि मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसलेली. "राहू दे ना बापू," ती हळूच म्हणाली, "मी नाई जात आता दवाखान्यात." ती गाडीला कंटाळून बोलत नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं.

त्या रविवारी मी बॉनेट उघडून नुसताच आत बघत उभा होतो. आई शेजारी खुर्चीवर उन्हाला बसली होती. शैलाकाकू भाजी घेऊन येत होत्या, त्या थांबल्या.

"बॅटरी बदललीस?"

"हो."

"सेल्फ?"

"तोही खोलून झाला."

"म्हणजे ज्यांचा दोष नाही त्यांना शिक्षा करून झाली," म्हणत त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि पदर खोचला. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधले होते, हे मला त्या दिवशी कळलं. नवी यंत्रं आली, उरलेलं काम बाहेर गेलं, आणि बायकांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. पन्नाशीतच काकू घरी बसल्या होत्या. त्यांनी शेजाऱ्यांकडून एक जाड केबल मागवली. तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या वायरीपाशी लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "आता मार सेल्फ." पहिल्याच झटक्यात गाडी चालू! केबल काढली की 'कट्'. लावली की चालू. मग त्यांनी ती काळी वायर बोटाने चाचपत गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या बोल्टपर्यंत नेली. विकण्याआधी कुणीतरी सगळीकडे रंग मारला होता आणि बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. रंगातून वीज जाणार कशी, अर्थिंग होणार कसं? "तुझ्या गाडीला अर्थच उरला नव्हता," काकू म्हणाल्या, आणि कित्येक आठवड्यांनी मी मोठ्याने हसलो. पॉलिश पेपरने मी तिथलं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट पुन्हा आवळला, आणि गाडी केबलशिवाय चालू झाली.

"बाई, तुले हे सारं कसं समजते वं?" आईने विचारलं.

"त्यात काय! तुम्ही आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेता, ते मला जमणार नाही हो." काकू आईशेजारी जमिनीवरच बसल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही. मंगळवारी मात्र आई स्वतःच चप्पल घालून दारात उभी राहिली. "चाल बापू, उशीर होते."

"हजारो गाड्यांच्या वायरी बांधल्या, पण स्टिअरिंग कधी हातात धरलं नाही," असं काकू एकदा सहज बोलून गेल्या, आणि मी त्यांना गाडी शिकवायचं ठरवलं. वसंतकाकांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "माझ्यावर हुकूम चालवते तेवढं पुरत नाही का?" पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, घरी येऊन रडल्या, आणि पुन्हा गेल्या. लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता, तोच एका दुपारी आईला श्वास लागला. मी कंपनीच्या बसने गेलेला, हिंजवडीत अडकलेला; गाडी घरीच. तासाभराने हॉस्पिटलमधून काकूंचाच फोन आला. "आईंना आत घेतलंय, बऱ्या आहेत. गाडी लावताना खांबाला घासली. आधी त्यांना भेट, रंगाचं नंतर बघ." डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. त्यानंतर आई तीन वर्षं जगली. मला मुलगी झाली, त्या नातीला मांडीवर घेऊन जगली.

परवा वसंतकाकांकडे गेलो होतो. चहा करतो म्हणाले. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न गेलेला माणूस. मीही मागोमाग गेलो. तिथे प्रत्येक बटणाशेजारी काकूंच्या अक्षरातली एकेक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'मिक्सर. झाकण लावल्याशिवाय दाबू नये.' 'गीझर. अंघोळ झाली की बंद करा, आठवण करून द्यायला मी येणार नाही.' ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी दुपारभर बसून त्यांनी हे केलं होतं. काका म्हणाले, "विचारलं तर म्हणाली, आठवडाभर मी नसेन ना, तेवढ्यापुरतं." कोपऱ्यातल्या शेवटच्या बटणाशेजारी लिहिलं होतं, 'हे कशाचंच नाही. उगाच दाबू नका.'

मी वाचत होतो तेवढ्यात काकांनी हात पुढे केला आणि ते बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"रोज दाबतो," ते म्हणाले, आणि गॅसकडे वळून आधण ठेवू लागले.