कागदापुरता भागीदार

"साइड ॲग्रीमेंट तेवढं बनवून द्या, बाकी सगळं ठरलंय," सुनील दातार खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

मी सिंगापूरमध्ये कंपनी सेक्रेटरी आहे. म्हणजे कुणाची टायपिस्ट नव्हे हं! कंपन्या रजिस्टर करणं आणि शेअर कुणाच्या नावावर आहेत त्याची नोंद कायद्याप्रमाणे ठेवणं, हे माझं काम. बुओना व्हिस्टाला आमचं लहानसं ऑफिस आहे. सुनील आणि अनघा हे पुण्याचं जोडपं. इथेच वुडलँड्सजवळ कोल्ड स्टोरेजसाठी तापमान मोजणारी यंत्रं बनवतात. चांगल्या नोकऱ्या सोडून दोघांनी हा धंदा उभा केला. आता आखातातल्या एका देशात मोठं काम मिळालं होतं आणि तिथे कंपनी काढायची होती. देशाचं नाव सांगत नाही, क्लायंटची गोष्ट आहे.

त्या देशात पूर्वी परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळायची नाही. निम्म्याहून जास्त शेअर स्थानिक नागरिकाच्या नावावर लागायचे. मग लोकांनी पळवाट काढली. सरकारदरबारी तो मोठा मालक, आणि आपापसात गुपचूप करार, की हा फक्त नावाला. हेच ते साइड ॲग्रीमेंट.

"अहो, तो कायदा बदलला," मी म्हटलं. "तुमच्या धंद्यात आता शंभर टक्के मालकी मिळते. तिथल्या वकिलाकडून खात्री करून घेतलीये मी. आणि हा गुपचूप करार तिथे गुन्हा आहे. भांडण झालं तर कोर्टात दाखवायचीही सोय नाही."

"कायदा काय, कागदावर हो! माझे साडू वीस वर्षं तिथे आहेत. ते म्हणतात, लोकल माणूस नसला की फाइल हलत नाही."

साडूंपुढे माझी डिग्री काय टिकणार! बरं, यंत्राच्या डिझाइनचे हक्कही सुनील त्याच कंपनीत टाकणार होता. म्हणजे फिसकटलं तर दोघांची सगळी मेहनत दुसऱ्याच्या घशात. मी बॉसना, मिसेस लिमना, सांगितलं.

"ड्राफ्ट करू नकोस. गेला दुसरीकडे तर जाऊ दे लाह," त्या शेवटी खास सिंगापुरी 'लाह' लावून म्हणाल्या. क्लायंट जुना होता, तरी. असा बॉस मिळायला नशीब लागतं.

त्याच आठवड्यात होऊ घातलेले भागीदार युसुफसाहेब सिंगापूरला आले. साडूंच्या शब्दाखातर, वर्षाला ठरलेल्या फीवर, ते नाव द्यायला तयार झाले होते. "आता तुम्हीच सांगा या बाईंना," म्हणत सुनील त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आला. सोबत अनघा होती. युसुफसाहेब सत्तरीचे. जन्मभर मुंबईच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार, त्यामुळे हिंदी फर्डी.

चहा आला. अनघाने युसुफसाहेबांना सरळ विचारलं, "सुनीलला काही झालं तर माझं काय? आणि तुम्हाला काही झालं तर?"

"अगं, काय बोलतेस!" सुनील दचकला.

"बोलू दे तिला." युसुफसाहेबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी आपल्या एका केरळी मित्राची हकीकत सांगितली. मित्राचं दुकान असंच युसुफसाहेबांच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. भाऊ वारला आणि दुकान वारसाहक्काने त्याच्या मुलांकडे गेलं. मित्र करार घेऊन आला, पण पुतण्यांनी तो उघडूनही बघितला नाही. "मी घरात भांडलो. त्याला काही मिळवून देऊ शकलो नाही," ते म्हणाले. मग सुनीलकडे वळले. "बेटा, कायद्याने आता तुला माझी गरज नाही. तुझा साडू जुनं सांगतोय. माझी हमी मी देईन, माझ्या पोरांची कशी देऊ?"

"शंभर टक्क्यांचे कागद कधी तयार होतील?" सुनीलने मला विचारलं. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नुसतं नाव देऊन घरबसल्या कमाई होत असताना हा माणूस खरं बोलत होता. आणि जे मी तीन मीटिंगांत पटवू शकले नव्हते, ते त्यांनी एका चहात पटवलं.

कंपनी झाली. फाइलही हलली, लोकल माणसाशिवाय. निम्मे शेअर अनघाच्या नावावर आहेत. तिने मागितले नव्हते, सुनीलनेच सांगितलं. त्या दोघांचं घर वाचलं आणि आमचा जुना क्लायंटही टिकला. दोन्हींसाठी मी युसुफसाहेबांची ऋणी आहे, आणि ते प्रश्न तोंडावर विचारणाऱ्या अनघाचीही.

हल्ली भागीदारीसाठी कुणीही आलं की मी आधी दोघांच्या तब्येतीची आणि मुलाबाळांची चौकशी करते. लोकांना वाटतं, बाई फार मायाळू आहेत.